बागेतली ओंडकागाडी सारखी घसरते? या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ डोंगरात पूर्वी रेडवुड या उंच झाडांचे ओंडके वाहणाऱ्या छोट्या रेल्वे होत्या. त्यांचीच प्रतिकृती आमच्या क्लबच्या बागेत धावते. इंजिन, पूल, ओंडके सगळं १:२०.३ प्रमाणात. ऊन, पाऊस आणि पालापाचोळा मात्र १:१! आमच्या निम्म्या चुका हे विसरल्यामुळे झाल्या.

पहिली चूक चढाची. त्याच डोंगरातल्या फेल्टनच्या रोअरिंग कॅम्प या पर्यटक रेल्वेवरचा गोल वळसा घेणारा लाकडी पूल १९७६ मध्ये जळाला आणि त्याच्या जागी झिगझॅग मार्ग आला (गाडी टोकाला थांबते आणि उलट दिशेने पुढचा टप्पा चढते). त्याचा चढ ९ टक्क्यांच्या आसपास आहे. तिथलं ‘शे’ प्रकारचं वाफेचं इंजिन तो चढतं, कारण त्याचे उभे सिलिंडर उजव्या अंगाला असतात आणि लांब दांडा व दातेरी चाकांमधून सगळ्या चाकांना जोर मिळतो. आम्हीही हौसेने तोच चढ दिला. तीन वाघिणी लावल्या की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायची. आता मीटरला ४ सेंमी ही आमची हद्द आहे, वळणावर त्याहून कमी. आणि सपाटीवरून चढ एकदम सुरू करू नका. त्या कोपऱ्यात कपलिंग (डबे जोडणारी कडी) वर-खाली होऊन सुटतं आणि मागच्या वाघिणी उताराला लागतात. झिगझॅगच्या टोकाला इंजिनासह पूर्ण गाडी मावेल एवढा रूळ हवा, हेही पाहुण्या सभासदाची लांबलचक गाडी आल्यावरच कळलं.

दुसरी चूक रूळ घट्ट आवळण्याची. ३० मीटर पितळी रूळ ३० अंशांनी तापला की सुमारे १७ मिमी वाढतो. सिमेंटला स्क्रूने जखडलात तर दुपारी तो सापासारखा वळतो. थोड्या थोड्या अंतराने सांध्यांत फट ठेवा आणि रूळ खडीवर मोकळा बसू द्या. खडी मात्र नदीतली गुळगुळीत नको, ती पायाखालच्या मण्यांसारखी सरकते. चुरा मिसळलेली, कोपरे असलेली फोडलेली बारीक खडी एकमेकांत अडकून बसते. लाकडी पुलाचे पाय मातीत पुरू नका, कुजतात. खाली दगड किंवा काँक्रीटचा ठोकळा द्या.

गाडी घसरली की सगळे आधी इंजिनाला शिव्या देतात. थांबा. दरवेळी त्याच जागी घसरते का? मग दोष रुळाचा: स्पिरिट लेव्हल आडवी ठेवून पाहा. दरवेळी तीच वाघीण घसरते का? मग तिच्या दोन चाकांमधलं आतलं अंतर कॅलिपरने मोजा, ते सुमारे ४० मिमी असावं. बरोबर असेल तर वजन पाहा. खऱ्या फांद्यांचे ओंडके वर आणि खालची वाघीण हलकी, असा तोल ढकलताना वळणावर हमखास जातो. वजन तळाशी चिकटवा.

क्लबात आणखी एक भानगड. ४५ मिमी रुळावर १:२०.३ म्हणजे खऱ्या रेल्वेचं ३ फुटी गेज (दोन रुळांमधलं अंतर), पण त्याच रुळावर १:२२.५ आणि १:२९ चे डबेही धावतात. एकत्र जोडले की पंगतीत एक पाटावर, एक खुर्चीवर! (माथेरानची गाडी करायची असेल तर ती २ फुटी, म्हणून ३२ मिमी रूळ आणि साधारण १:१९.) दिसण्याचं सोडा, कपलिंगची उंची जुळत नाही, म्हणून क्लबने एकच माप ठरवून पट्टी ठेवावी.

वाफेच्या इंजिनाची चाकं बऱ्याचदा इन्सुलेटेड नसतात. रुळात वीज असताना ते ठेवलं की शॉर्ट सर्किट. आधी वीज बंद, मग इंजिन. पाणी तापवायचा गॅस इंजिनात भरताना जवळ दुसरं पेटतं इंजिन नको, आणि उन्हाळ्यात रेडवुडच्या वाळक्या सुया रुळावरून झाडून घेतल्याशिवाय काडी ओढायची नाही. त्याच सुया शे इंजिनाच्या दात्यांत आणि सांधे बदलायच्या पात्यांतही अडकतात, म्हणून झाडू सकाळी एकदा आणि जेवणानंतर परत.