तुमच्या घरचा पिन कोड मूळ संख्या आहे का? कागद-पेन घेऊन तपासा

सहा आकडी संख्या मूळ आहे की संयुक्त, हे संगणकाशिवाय ठरवता येतं. त्यासाठी नागपूरकरांनी आपला पिन कोडच घ्यावा.

आधी छाटणी. शेवटी सम अंक किंवा ५ असेल तर काम तिथंच संपलं. व्हीएनआयटीचा ४४००१० असा बाद होतो. मग अंकांची बेरीज करा. सिव्हिल लाइन्सच्या ४४०००१ ची बेरीज ९, म्हणजे ३ ने भाग जातो. ११ साठी अंक आळीपाळीने मिळवा आणि वजा करा. अमरावती रोडवरच्या विद्यापीठ परिसराचा ४४००३३ घ्या: ४ − ४ + ० − ० + ३ − ३ = ०. तोही गेला.

यातून जे उरतात त्यांना भागून पाहावंच लागतं, पण फक्त वर्गमूळापर्यंत. संख्या दोन भाजकांचा गुणाकार असेल, तर दोन्ही भाजक वर्गमूळाहून मोठे असू शकत नाहीत. गुणाकारच पुढे निघून जाईल. ४४०००९ चं वर्गमूळ ६६३ च्या किंचित वर आहे. म्हणून ६६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागायचं. त्या १२१ आहेत. एक रविवार पुरतो.

मधेच मात्र सोडू नका. मेडिकलचा ४४०००३ बघा. ७ ने नाही, १३ ने नाही, शंभरी गेली, दोनशे गेले, तरी बाकी उरतेच. इथे ‘मूळ आहे’ म्हणून उठायचा मोह होतो. आणि मग २५१ येतो: २५१ × १७५३ = ४४०००३. मला या सगळ्यात हीच संख्या सर्वांत आवडते. रेशीमबागेचा ४४०००९ शेवटपर्यंत टिकतो. तो मूळ आहे. वाडीचा ४४००२३ सुद्धा.

शंभर अंकी संख्येला ही रीत चालत नाही, कारण तिचं वर्गमूळच पन्नास अंकी. म्हणून अवाढव्य मूळ संख्या शोधणारे ‘२ चा घात वजा १’ या रूपाकडे वळतात. घात विषम मूळ संख्या असेल, तर तिथे लुकास-लेहमर कसोटी लागते. १२७ वर करून पाहा. तो २ चा सातवा घात वजा १. सुरुवात ४ पासून. वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा. असं घातापेक्षा दोन कमी, म्हणजे पाच वेळा: ४, १४, ६७, ४२, १११, ०. शेवटी शून्य आलं की संख्या मूळ.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या याच कसोटीने पक्की झाली.

आता घात ११ घेऊन २०४७ वर हेच करा. ४, १४, १९४, ७८८ असं जात नवव्या पायरीला १७३६ उरतं, शून्य नाही. २०४७ म्हणजे २३ × ८९.