स्कूल बस बेदरकार चालते असं वाटलं तर काय करायचं : एका निवृत्त एसटी चालकाचं सांगणं

गेल्या जूनमध्ये माझी तिसरीतली नात शाळेतून आली ती वरचा ओठ सुजवूनच. बसने करकचून ब्रेक मारला आणि तिचं तोंड समोरच्या सीटच्या दांड्यावर आपटलं. "आजोबा, बसचे काका सिमेंटच्या मिक्सरच्या पुढे काढत होते," ती म्हणाली. आम्ही पुण्यात कात्रजला राहतो. कात्रज-कोंढवा रस्त्यावर मिक्सर, डंपर आणि टँकर यांच्यामधून वाट काढणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

माझा मुलगा लगेच बसमालकाला फोन लावायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. स्वारगेट आगारात मी 31 वर्षं चालक होतो. "चालक गाडी जोरात चालवतो" एवढीच तक्रार आली की चालक "नाही साहेब" म्हणायचा आणि विषय तिथेच मिटायचा. तारीख, वेळ, ठिकाण आणि नेमकं काय घडलं हे कागदावर आलं की मात्र चौकशी लागायचीच. म्हणून आधी वही घ्या.

मुलांना काय विचारायचं

"काका जोरात चालवतात का?" असं विचारू नका. काही मुलं मजेने हो म्हणतील, काही काकांना ओरडा बसेल म्हणून नाही म्हणतील. त्याऐवजी असं विचारा : पायाशी ठेवलेलं दप्तर पुढे घसरलं का? पाण्याची बाटली कुठपर्यंत गेली? वळणावर दांडा धरावा लागला का? तू बसायच्या आधी बस सुटली का? मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या ताई कुठे बसल्या होत्या, दाराशी की पुढे काकांशी बोलत? काका फोन कानाला लावून होते का?

दप्तर खोटं बोलत नाही. बेताने ब्रेक लावणाऱ्याच्या गाडीत ते जागचं हलत नाही.

घाटउताराचा रस्ता असेल तर आणखी एक प्रश्न विचारा : उतारावर इंजिनाचा आवाज एकदम शांत होतो का? तसं असेल तर चालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडत असण्याची शक्यता आहे. गियरमध्ये असलेली गाडी इंजिन मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे लायनर, म्हणजे आतले घासणारे पट्टे, तापतात आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर ट्रकांचे जे भीषण अपघात झाले, त्यांपैकी काहींच्या मागे हेच कारण सांगितलं गेलं. वरंधा आणि खंबाटकीत मी कधी गियर सोडला नाही. मुलांची गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्याबद्दल त्याच दिवशी लेखी तक्रार करा.

थांब्यावर उभं राहून काय बघायचं

सलग पाच दिवस थांब्यावर स्वतः उभे राहा. बस किती वाजता आली, दार लागायच्या आधी चाक हललं का, ताई खाली उतरून मुलांना हात देतात का, ते टिपा. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. वाहकाच्या दोन घंट्यांशिवाय मी गाडी हलवत नसे. स्कूल बसमध्येही मूल जागेवर बसलं की ताईंनी "चला" म्हणायचं आणि मगच गाडी सुटायची, एवढी शिस्त लावून घेता येते.

बस रस्त्याच्या कोणत्या बाजूला थांबते हे फार महत्त्वाचं आहे. उतरलेलं मूल बसच्या पुढून धावत रस्ता ओलांडतं. अगदी तोंडाशी असलेलं लहान मूल चालकाला त्याच्या सीटवरून दिसतच नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मला भीती वाटली ती याचीच. गाडी रिव्हर्स घेतानाही तसंच. मागे माणूस उभा असल्याशिवाय रिव्हर्स नाही.

जाता जाता टायर बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. नक्षी झिजून गुळगुळीत झालेला टायर पावसाळ्यात ब्रेकला साथ देत नाही.

मोटारसायकलवरून बसचा पाठलाग करत व्हिडिओ काढू नका. आम्ही एकदाच मागे गेलो. मुलगा बेताने चालवत होता, मी मागे बसून फक्त वेळा लिहिल्या. त्या वेळांनीच खरी गोष्ट कळली.

वेळेचा हिशेब

पहिल्या थांब्यावर बस 8:15 ला, शाळेच्या फाटकात 8:50 ला. म्हणजे 35 मिनिटं. थांबे 13. एकेका थांब्याला एक मिनिट धरलं तरी 13 मिनिटं गेली. उरलेल्या 22 मिनिटांत 11 किलोमीटर, म्हणजे सरासरी ताशी 30. या रस्त्याच्या गर्दीत ती सरासरी गाठायची तर रस्ता मोकळा दिसला की पन्नास-साठने हाणावीच लागणार. शाळेच्या बसला शहरात ताशी 40 च्या वर जायचं नसतं, त्यासाठीच गाडीला वेगनियंत्रक बसवायचा असतो.

हा हिशेब तुमच्याही बसचा करा. चालक बदलून उपयोग नाही, नव्या माणसालाही तीच 35 मिनिटं मिळणार.

मग मी चालकाशी बोललो. फाटकाबाहेर, मुलं आत गेल्यावर, चहा पीत. पोरगा तिशीतला. सकाळी मोठ्या मुलांची फेरी, मध्ये दुसऱ्या शाळेची, मग आमची. आणि रात्री एक वाजेपर्यंत कंपनीच्या गाडीवर. झोप चार तास. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मला एसटीत ड्युटीनंतर विश्रांती तरी होती. चालक रात्री काय करतो, हे मालकाला विचारायलाच हवं.

कागद कोणते मागायचे

बसच्या नंबरावरून एम-परिवहन अ‍ॅपवर फिटनेस, विमा आणि परमिट यांच्या मुदती दिसतात. ई-चलन बघायला चासी नंबरचे शेवटचे आकडे लागतात, म्हणून ती यादी मालकाकडून मागा. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये दिल्लीतल्या शाळांच्या बससाठी घातलेल्या अटी सांगा : अवजड वाहनाचा पाच वर्षांचा अनुभव हवा, आणि अतिवेग, दारू किंवा धोकादायक वाहन चालवणं यासाठी एकदाही चलन झालेला चालक नको. आपण पुण्यातही तोच निकष धरावा असं माझं मत आहे.

महाराष्ट्राच्या 2011 च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. पालक-शिक्षक संघाचा माणूस त्यात असतो, वाहतूक पोलीस आणि आरटीओचेही असतात. मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारा : शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त बघायला मिळेल का? बऱ्याच पालकांना ही समिती असते हेच माहीत नसतं.

तक्रार कशी लिहायची

आम्ही अशी लिहिली : "दि. 24 जून, सकाळी 8:31. बस क्रमांक अमुक. कात्रज-कोंढवा रस्ता. मिक्सरला डावीकडून ओलांडताना अचानक ब्रेक. तिसरीतील विद्यार्थिनीच्या ओठाला इजा, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. त्या आठवड्यात दार उघडं असताना बस सुटल्याच्या तीन नोंदी, तारखा खाली." शेवटी मागणी : फेरीची वेळ वाढवावी, चालकाची रात्रीची ड्युटी थांबवावी, सात दिवसांत लेखी उत्तर द्यावं. एक प्रत मुख्याध्यापकांना, एक मालकाला. पोच घेतल्याशिवाय परतू नका. सहा-सात पालकांच्या सह्या असल्या तर मुलावर कोणी राग काढेल ही भीतीही कमी होते. उत्तर आलं नाही तर तोच कागद आरटीओ आणि वाहतूक शाखेकडे.

चालक दारू प्यायलेला वाटला किंवा गाडी चालवताना फोन हातात असला, तर हे सगळं थांबवा. मुलांना उतरवून घ्या आणि 112 लावा. तिथे हुज्जत घालू नका, पोलिसांनी श्वासाची तपासणी लगेच करणं गरजेचं असतं. मुलं आत असताना बस अडवून चालकाला मारहाण करणारे पालक मी पाहिलेत. आतली लेकरं थरथरत होती.

आमच्याकडे समितीची बैठक व्हायला तीन आठवडे लागले. मालकाने मधली फेरी दुसऱ्या गाडीला दिली. पालकांनी सोसायटीच्या दाराऐवजी कोपऱ्यापर्यंत चालत यायचं मान्य केलं, तेव्हा 13 चे 9 थांबे झाले. पहिला थांबा आता 8 वाजता. 9 मिनिटं थांब्यांची वजा केली तर 11 किलोमीटरला 41 मिनिटं राहतात, सरासरी ताशी 16. चालकाची रात्रीची गाडी सुटली, पण पगाराचा तेवढा भाग मालकाने भरून द्यावा यासाठी आम्ही पालक दरमहा थोडे जास्त पैसे देतो. त्यावर दोन घरांची कुरकुर अजून आहे.

दर गुरुवारी मी वही घेऊन थांब्यावर जातो. या आठवड्यात बस 8:03 ला आली, ताई उतरल्या, दार लागलं, मग चाक हललं. नातीला विचारलं, बाटली कुठे होती? "पायाशीच, आजोबा."