पूर्वजांची गोष्ट गोधडीवर: हॅरिएट पॉवर्सच्या वाटेने

कात्री हातात घेण्याआधी बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातल्या एका गोधडीचा फोटो शोधा आणि मोठा करून बघा. हॅरिएट पॉवर्स १८३७ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावाजवळ गुलामीत जन्मली. ही पंधरा चौकटींची गोधडी तिने १८९५ ते १८९८च्या दरम्यान शिवली. त्यात बायबलमधला योना आहे, ईयोब आहे, आदाम आणि हव्वा आहेत. त्यांच्याच रांगेत १३ नोव्हेंबर १८३३ची उल्कावृष्टी आहे, १८९५ची कडाक्याची थंडी आहे, आणि जॉर्जियाहून व्हर्जिनियापर्यंत ५०० मैल पळालेली बेट्स नावाची डुकरीणही. ज्यांच्या माणसांना गुलामीतून उत्तरेकडे पळणं म्हणजे काय ते ठाऊक होतं, त्यांनी त्या डुकरिणीत काय पाहिलं असेल, ते मला कोणी समजावून सांगायची गरज वाटत नाही.

मी नगरची ख्रिस्ती, आता जॉर्जियात राहते. आमचा शिवणाचा गट शनिवारी चर्चच्या तळघरात बसतो. बहुतेक जणी कृष्णवर्णीय आहेत. नवीन आलेली प्रत्येक जण आधी तुटलेली साखळी नाहीतर उडणारा पक्षी कापायला घेते. मी तो कागद काढून घेते. चिवटपणा, श्रद्धा, ‘मी किती बदलले’ हे असं शिवता येत नाही. घडलेला प्रसंग शिवता येतो. आमच्यातल्या एका नर्सची आजी मिसिसिपीहून शिकागोला गेली. रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये काळ्यांना जेवण मिळत नसे, म्हणून तिने बुटांच्या खोक्यात तळलेलं चिकन बांधून घेतलं होतं. नर्सने चौकटीत फक्त गाडीचा डबा, मांडीवरचं खोकं आणि वर एक मोठा हात कापला. पॉवर्सच्या उल्कांच्या चौकटीतही देवाचा हात आहे. त्या हाताने तारे थोपवले, असं ती सांगे.

१८३३मध्ये पॉवर्सचा जन्मही झाला नव्हता. तिने शिवलं ते ऐकलेलं. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांना फोन लावा, आणि ‘तुम्ही कसं सोसलंत’ असं विचारू नका, कोणी उत्तर देत नाही. डब्यात काय होतं, पायात काय होतं, कोण सोबत होतं, ते विचारा. मी माझ्या चौकटीत बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडणारी आजी आणि सुकडीचं पातेलं घेतलं. गटातल्या बायकांचे पूर्वज माझे नव्हेत. त्यांची साखळी मी माझ्या कापडावर घेत नाही. तुम्हीही तुमचीच माणसं घ्या.

पाच-सहा चौकटी पुरे. दोन श्रद्धेच्या, दोन-तीन घराण्याच्या, एक तुमची स्वतःची. स्वतःची शेवटी करा, तोवर हात बसलेला असतो आणि फुशारकी थोडी कमी झालेली असते.

कापड सुतीच घ्या, आणि आधी धुऊन घ्या, नाहीतर रंग एकमेकांत उतरतात. चौकट साधारण १२ इंचांची. आकृती वर्तमानपत्रावर कापा. नाक-डोळे काढू नका, बाह्यरेषेवरूनच माणूस ओळखू आला पाहिजे. दहा पावलं मागे जाऊन ओळखू येत नसेल तर हात अंगापासून लांब करा, तेवढ्याने बहुतेकदा काम होतं. मग कापडावर कागद टाचून चहूबाजूंनी पाव इंच जास्त ठेवून कापा. आतल्या वळणांना बारीक काप द्या. कड सुईच्या टोकाने थोडी थोडी आत मुडपत, घडीला लागूनच लहान टाके घालत जा. सगळी कड आधी इस्त्रीने मुडपून ठेवायचा सल्ला देतात. बोटांसारख्या बारीक जागी तो जमत नाही. मशीन वापरलं तर पाप नाही. पॉवर्सच्या १८८६च्या सुमाराच्या, याआधीच्या गोधडीत हातशिलाई आणि मशीन दोन्ही आहेत.

चौकटी पट्ट्यांनी जोडा, खाली अस्तर, मध्ये कापसाचा पातळ थर, कच्चे टाके, मग आकृत्यांच्या कडेने धावदोरा. गोट सगळ्यात शेवटी. गोधडी शिवलेल्या हाताला हे सांगायला नको.

मागची चिठ्ठी मात्र टाळू नका. १८८६च्या सुमाराची ती गोधडी पॉवर्सला आधी विकायची नव्हती. पुढे हात तंग झाला, १८९१मध्ये तिने दहा डॉलर मागितले आणि पाचावर ती द्यावी लागली. घेणाऱ्या जेनी स्मिथ या गोऱ्या कलाशिक्षिकेने प्रत्येक चौकटीचा अर्थ तिच्याकडून ऐकून लिहून ठेवला, म्हणून तो आज कळतो. तुम्ही स्वतःच लिहा: पांढऱ्या सुती तुकड्यावर, न पुसणाऱ्या शाईने, प्रत्येक चौकटीला एक वाक्य, शिवाय नाव, गाव, साल. घरात ज्या भाषेत गोष्ट सांगितली गेली त्याच भाषेत. तुकडा चारही बाजूंनी पक्का शिवा, आणि गोधडी विकणार असाल तर किंमत पाचाच्या पुढे नक्की सांगा.