घडीची सायकल घरी सुधारताय? या चुका टाळा

अमळनेर स्टेशनाबाहेर सायकल उलगडत होतो. बाकावरच्या एका बाबांनी विचारलं, "काय भाऊ, हाई सायकल शे का पेटी?" मी हसलो, टांग टाकली आणि पहिल्याच वळणाला मागचा ब्रेक दाबला, तर लिव्हर थेट हँडलला टेकला. पुढचा ब्रेक होता म्हणून वाचलो.

झालं असं, की आदल्या रात्री मी मूळचं सरळ हँडल काढून दोन इंच उंच हँडल बसवलं होतं. सायकल उघडी होती तोवर सगळं जिथल्या तिथे होतं. सकाळी गाडीत चढवायला घडी घातली तेव्हा मागच्या ब्रेकची तार ताणली गेली आणि ब्रेकवरची वाकडी नळी खाचेतून निसटली. घडीच्या सायकलवर माणसं सगळ्यात जास्त चुकतात ती इथेच. आपण तिला लहान चाकांची साधी सायकल समजतो. पण हिच्यावरचा प्रत्येक भाग दोन जागी राहतो, एक उघडल्यावर आणि एक मिटल्यावर. स्टँडवर लावून चाक फिरवून पाहिलं आणि काम झालं, असं हिच्या बाबतीत चालत नाही.

तारांचं काम करताना आउटर, म्हणजे तारेवरचं जाड आवरण, आधी मापाला कापू नका. लांबच ठेवा, सैल बांधा, चार-पाच वेळा घडी घाला आणि उघडा, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, आणि कुठे ताण येतो ते बोटाने चाचपून बघा. मग कापा. बिजागरीच्या अगदी लगत तारा बांधायचा प्लास्टिकचा टाय मारू नका, दोन्ही बाजूंना चार बोटं मोकळी सोडा. तारा फ्रेमला घासतात तिथे रंग निघतो, आउटर फाटतं. त्यावर माझा उपाय म्हणजे ठिबकची १६ मिमीची नळी. वीतभर तुकडा घ्या, उभा चिरा, तारांच्या जुडग्यावर चढवा आणि चीर खालच्या बाजूला ठेवा. खानदेशात कुणाच्याही शेतात ठिबकचे तुकडे पडलेले असतात, विकत काही घ्यावं लागत नाही.

टायर घेताना '२० इंची' म्हणू नका

दुकानात '२० इंची टायर द्या' म्हटलं की जो निघेल तो हातात पडतो. २० इंचाच्या नावाखाली दोन वेगळ्या रिमा असतात, एक ४०६ मिमीची आणि दुसरी ४५१ मिमीची. एकीचा टायर दुसरीवर कधीच बसत नाही. जुन्या टायरच्या बाजूवर ४७-४०६ असा आकडा कोरलेला असतो, त्यातला दुसरा आकडा महत्त्वाचा. पहिला आकडा रुंदीचा. रुंद टायर हवा असेल तर मडगार्ड आणि चिमट्यातली (चाक धरणाऱ्या दोन दांड्यांमधली) जागा आधी मोजा. कुणी '४५१ चं अख्खं चाकच टाका, जोरात पळते' असं सुचवलं तर लक्षात घ्या, रिमची कड २२.५ मिमी वर सरकते आणि ब्रेकचे रबर तिथवर पोचत नाहीत.

पुढच्या चाकाची आणखी एक गंमत आहे. डाहोन कंपनीच्या बऱ्याच घडीच्या सायकलींत पुढचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, ७४ मिमी रुंदीचा असतो, साध्या सायकलचा १०० मिमीचा. त्यामुळे भंगारातलं छान चाक सापडलं तरी चिमट्यात शिरणार नाही. चिमटा ओढून फाकवण्याचा प्रयोग तर अजिबात नको.

हवेबद्दल आपल्याकडे वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो. सकाळी २५ अंशांना ६० पीएसआय भरलेली हवा, सायकल उन्हात उभी राहून ट्यूब ६० अंशांपर्यंत तापली, तर ६९ च्या आसपास जाते. टायरवर कमाल ६५ लिहिलं असेल तर उन्हाळ्यात ५० ते ५५ वर थांबा. पावसाळ्यानंतर सराट्याचे काटे आणि बांधावरची बाभूळ आहेच. ट्यूब बदलायची तर वॉल्व जुन्यासारखाच घ्या. बारीक वॉल्वच्या रिमला जाड वॉल्व बसवायचा म्हणून छिद्र मोठं करणारे महाभाग मी पाहिलेत, त्या अरुंद रिमचं पुढे काय झालं तेही पाहिलंय.

गिअर सुधारताना

आधी हिशेब करा, मग पाना उचला. पुढचे दात भागिले मागचे दात, गुणिले चाकाचे इंच. पुढे ५२, मागे सगळ्यात मोठी चकती २८ दातांची आणि चाक २० इंची असेल तर उत्तर येतं ३७ इंच. हा आकडा जितका लहान तितका चढ सोपा. तापीच्या खोऱ्यातल्या सपाटीला हे भरपूर झालं. पण चाळीसगावहून कन्नड घाट चढायचा किंवा तोरणमाळला जायचं मनात असेल तर ते ३० च्या जवळ आणावं लागतं. लोक मागे मोठी चकती टाकतात. मागे ३४ टाकली तर ३०.६ मिळतं खरं, पण मूळचा मागचा गिअर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, तेवढी मोठी चकती बहुधा झेलत नाही. मग लांब दांडीचा गिअर लावतात आणि लहान चाकामुळे तो जमिनीच्या अगदी जवळ लोंबतो. पहिल्या पावसानंतर शेतरस्त्यावरची काळी माती त्यात कशी भरते, हे वेगळं सांगायला नको.

मी पुढची चकती ५२ ची ४४ केली. चढाला ३१.४ मिळतं. मागच्या १४ दातांवर ६३ इंच राहतात, म्हणजे मिनिटाला ८० वेळा पाय फिरवले की ताशी २४ किलोमीटर. जळगावच्या रस्त्यांवर मला यापेक्षा जास्त वेग नकोच आहे. दात कमी केल्यावर चेनही साधारण ४ कड्यांनी कमी करावी लागते. हे विसरलात तर चेन लोंबते आणि घडी घालताना उतरते. चकती क्रँकला, म्हणजे पायडलच्या दांडीला, रिबेट मारून बसवलेली असेल तर अख्खा सेटच बदलावा लागतो, खरेदीआधी एकदा उलटी करून बघा.

पायडलांचं थोडक्यात सांगतो: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते सैल करायला पाना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. जोर लावून लावून क्रँकचे आटे खराब केल्यावर ही गोष्ट कळते, मलाही तशीच कळली.

बिजागरी, ड्रिल आणि वेल्डिंग

बिजागरीचा लिव्हर एका बोटाने बंद होत असेल तर तो सैल आहे. तळहाताने दाबून बंद व्हायला हवा, पण लाथ मारावी लागेल इतका घट्टही नको, कारण तशाने क्लँप तडकतो. चालवताना कुरकुर आली की लगेच ग्रीस थापू नका, ग्रीसवर धूळ बसून तिची खरकागदासारखी लेप तयार होते. दोन्ही तोंडं फडक्याने कोरडी पुसा, फक्त पिनवर तेलाचा एक थेंब सोडा. एवढं करूनही आवाज येत असेल तर जोडाभोवतीच्या रंगात केसाएवढी रेघ दिसते का ते उजेडात बघा. दिसली तर सायकल चालवणं थांबवा.

बाटलीचा स्टँड लावायला मुख्य नळीला ड्रिल मारू नका, क्लँपचा स्टँड मिळतो. आणि तडा गेलाच तर गेट-खिडक्या जोडणाऱ्या वेल्डरकडे फ्रेम नेऊ नका. ॲल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागतं, आणि ते केलं तरी जोडाभोवतीचा धातू आधीच्या ताकदीचा राहत नाही.

ग्रीसचा मोह सीटच्या नळीलाही होतो. लांब नळी, खालीवर करायला कठीण, म्हणून मी एकदा भरपूर लावलं. तीन किलोमीटरमध्ये गुडघे छातीला लागायला आले, सीट दर खड्ड्याला बोटभर खाली जात होती. पेट्रोलच्या फडक्याने नळी आतून-बाहेरून पुसली तेव्हा ती जागेवर थांबली. तरीही थांबत नसेल तर कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून आत घालू नका. बहुतेक वेळा जुन्या जागी साध्या सायकलची बारीक नळी आलेली असते. मूळ माप बऱ्याचदा ३३.९ मिमी असतं, ते व्हर्निअरने मोजून तीच मागवा. आणि नळीवरची 'किमान आत' ची रेघ बाहेर दिसत असेल, तर उंच माणसाने लांब नळी घ्यावी, सीट वर ओढू नये.