‘शांत वाटलं पाहिजे’ म्हणजे किती मिलिमीटर?

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षापासून कन्सेप्ट शीटवर काही शब्द ठाण मांडून बसतात: शांत, गूढ, भव्य, आपलेपणाचं. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढच्या सादरीकरणात, ते खपून जातात. नोकरीच्या पहिल्या वर्षी हेच शब्द क्लायंटच्या तोंडून येतात, आणि साइटवर मिस्त्री विचारतो, ‘लिंटेल कितीला घ्यायची?’, म्हणजे दाराखिडकीवरची आडवी तुळई किती उंचीवर? तिथे ‘शांत’ हे उत्तर चालत नाही.

म्हणून आधी विशेषणं खोडायची आणि त्या जागी शरीर काय करतं ते लिहायचं. ‘शांत’ खोडून ‘आत आल्यावर माणसाचा आवाज आपोआप खाली येतो’. ‘भव्य’ खोडून ‘दार ओलांडल्यावर मान वर जाते’. ‘आपलेपणाचं’ खोडून ‘दोन अनोळखी माणसं न अवघडता शेजारी बसतात’. क्रियापद लिहिलं की त्याला माप सापडतं. विशेषणाला फक्त रेंडर (संगणकावरचं चित्र) सापडतो.

हे सगळं घडतं ते फरकामुळे. माणूस प्रत्येक खोलीची तुलना नुकत्याच सोडलेल्या खोलीशी करतो. साडेचार मीटर उंचीचं दालन उंच वाटतं, कारण त्याच्या आधी सव्वादोन मीटरखालून यावं लागलेलं असतं. तेव्हा खोली एकटी काढू नका. तिच्या आधीच्या जागेसकट सेक्शन (उभा छेद) काढा.

जुन्या वाड्यात हा हिशोब आयता मांडलेला आहे. दिंडीतून (मोठ्या दारातल्या छोट्या दारातून) वाकून आत, मग देवडी (पहारेकऱ्याची जागा), मग चौकातलं ऊन, ओसरीची सावली, माजघराचा काळोख आणि शेवटी देवघरातली समई. चौकात भर दुपारी लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, ओसरीत काही हजार, माजघरात पन्नास-शंभर. मधली ओसरी काढून देवघर थेट चौकावर उघडलं तर काय होईल? डोळे काळोखाला सरावायला काही मिनिटं घेतात. तोवर देवघर नुसतं काळं दिसेल आणि येणारा माणूस आधी दिव्याचं बटण शोधेल. आमचा कामचलाऊ नियम असा: दर टप्प्याला उजेड दहाव्या हिश्शापर्यंत उतरवा, एकदम शंभराव्यापर्यंत नको.

अंबरनाथचं शिवमंदिर (शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०) याच नियमाला मजेदार बगल देतं. मंडपातून वीसेक पायऱ्या खाली उतरून गर्भगृहात जावं लागतं, आणि वरचं शिखर अपुरं असल्यामुळे तिथे आकाश दिसतं. उतरताना मनाने काळोखाची तयारी केलेली असते आणि तळाशी उजेड भेटतो. असा अपवाद करायला हरकत नाही. मात्र त्याआधी वीस पायऱ्यांचा काळोख साधता आला पाहिजे.

आधी मोजायला शिका

टेप किंवा लेझर मीटर, फोनवरचं लक्स मोजायचं ॲप, एक वही. ॲपचे आकडे चुकीचे असतात, पण एकाच फोनने घेतलेल्या दोन जागांचं गुणोत्तर कामापुरतं बरोबर येतं. पुण्यात असाल तर पाताळेश्वरापासून सुरुवात करा. जंगली महाराज रस्त्यावरून खाली उतरताना किती पायऱ्यांनंतर रिक्षांचा आवाज दबतो, नंदीच्या गोल मंडपापाशी उजेड किती, लेण्याच्या आत खांबांच्या दुसऱ्या रांगेपाशी किती. एकदा टाळी वाजवून बघा, आवाज किती वेळ रेंगाळतो. नवी मुंबईत बेलापूरला वास्तुकार चार्ल्स कोरिया यांच्या वसाहतीत सात घरांमध्ये मिळून एक चौक आहे, साधारण ८ मीटर × ८ मीटर. पलीकडच्या ओट्यावरच्या माणसाचा चेहरा वाचता येतो आणि आवाज न चढवता बोलता येतं, म्हणून तो चौक सगळ्यांचा वाटतो. हेच माप १५ मीटरवर नेलं की तिथे गाड्या लागतात.

दहा जागा अशा मोजल्या की वहीत स्वतःचं कोष्टक तयार होतं. पुस्तकातल्या कोष्टकापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

उंची आणि पायऱ्या

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर लागते. दबलेपणा हवा असेल तर तो खोलीत आणता येत नाही, तो प्रवेशाच्या बोळात आणायचा: २.१ ते २.२५ मीटर. इथे नवशिक्यांची एक ठरलेली चूक होते. सखल भाग जेमतेम एका पावलाचा ठेवतात. मग तो अनुभव न होता डोक्यावरचा बीम होतो. किमान तीन-चार पावलं, म्हणजे दोन ते अडीच मीटर लांबी लागते. स्ट्रक्चरच्या ड्रॉइंगमध्ये बीमचा तळ तपासा, स्लॅब २.४ ला आणि बीम १.९५ ला असा प्रकार कागदावर कुणाच्या लक्षात येत नाही.

पायऱ्यांनी चाल ठरते. १५० मि.मी. चढ आणि ३०० रुंदी ही सार्वजनिक इमारतीतली नेहमीची पायरी. चढ १२५ आणि रुंदी ३७५ केली की पाय आपोआप संथ पडतात. गडबड होते ती फरशीच्या जाडीमुळे. सेंट्रिंगवाला (काँक्रीटचा साचा लावणारा) कच्च्या मापाने पायऱ्या ओततो, वरच्या-खालच्या मजल्यावर पुढे ५० मि.मी. फरशी येते, आणि पहिली नि शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा वेगळी होते. लोक अडखळतात. अडखळलेल्या माणसाला भव्यता जाणवत नाही.

ऊन

वास्तुकार ताडाओ आंदो यांच्या जपानमधल्या चर्चची क्रूसाच्या आकाराची फट हजार थिसिसमध्ये उतरली आहे. ती पुण्यात आणायची तर आधी ऊन कुठून येतं ते बघा. पुण्याचं अक्षांश साडेअठरा. २२ डिसेंबरला दुपारी सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीची लिंटेल २.१ मीटरवर असेल तर ऊन जमिनीवर जेमतेम १.९ मीटर आत येतं. मे महिन्याच्या मध्यास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि जूनमध्ये दुपारी चक्क उत्तरेला पाचेक अंश कलतो. युरोपातल्या इमारती बघून ‘उत्तरेला ऊन नाही’ असं गृहीत धरणाऱ्यांची इथे फसगत होते.

भिंतीची जाडी हे फुकटचं हत्यार आहे. २३० मि.मी. भिंतीत १५० रुंदीची उभी फट ठेवली तर समोरच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना साधारण ३३ अंशांपर्यंतचंच ऊन पार होतं. म्हणजे उन्हाची पट्टी दिवसातला ठरावीक वेळच येते आणि जाते. ती कधी यावी हे तुम्ही ठरवू शकता: सकाळच्या प्रार्थनेला की संध्याकाळी शाळा सुटताना. पश्चिमेची फट मात्र दहादा विचार करून. पाच वाजताचं आडवं ऊन थेट डोळ्यांत जातं, आणि पावसाळ्यात त्याच दिशेने पाऊस आत येतो.

छताच्या कडेने ३०० ते ४५० मि.मी. रुंद काचेची पट्टी सोडून भिंतीवरून उजेड ओघळवायचा ही दुसरी लाडकी युक्ती. दिसते सुंदर, पण घासून जाणारा उजेड प्लास्टरचा प्रत्येक उंचवटा दाखवतो. नीरू फिनिशची (चुन्याच्या लेपाची) गुळगुळीत भिंत अशा उजेडात लाटांची दिसते आणि गवंड्याला बोल लावून उपयोग नसतो. तिथे मुद्दाम खरखरीत पृष्ठभाग घ्या: सँडफेस (वाळूचं खरखरीत प्लास्टर), उघडा काळा दगड किंवा कोकणात जांभा. काचेभोवती कट्टा किमान १५० मि.मी., कोकणात ३००. काच लॅमिनेटेड आणि उतारावर. कट्ट्याच्या बुडाला वॉटरप्रूफिंगचा गोल वाटा (कोपऱ्याची गोलाई). आणि कबुतरांची जाळी पहिल्याच ड्रॉइंगमध्ये दाखवा, नाहीतर ती सहा महिन्यांनी निळ्या नायलॉनची लागते.

आवाज: एकदा हिशोब करून बघाच

प्रार्थनेच्या खोलीचं समजा. १२ × ९ मीटर, उंची ४.५. घनफळ ४८६ घनमीटर. जमीन १०८, छत १०८, भिंती १८९, एकूण ४०५ चौरस मीटर. सगळं प्लास्टर आणि फरशी, म्हणजे शोषण (पृष्ठभाग आवाजाचा किती हिस्सा गिळतो) सुमारे ०.०३. एकूण शोषण १२.१५. आवाज किती वेळ घुमतो याचं सबाइनचं सूत्र: ०.१६१ × घनफळ ÷ शोषण. उत्तर येतं ६.४ सेकंद. एवढ्या घुमण्यात ओंकार छान वाटतो, पण सूचना देणाऱ्याचा एक शब्द कळत नाही, आणि शंभर मुलं कुजबुजली तरी बाजार भरतो. बोलणं कळायला सेकंदभर पुरे. छतावर ०.६ शोषणाचे पॅनल लावले तर शोषण ७४ च्या आसपास जातं आणि वेळ १.०६ सेकंदावर येते. नुसती माणसं बसली तरी फरक पडतो, म्हणून रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही खोल्यांचा हिशोब मांडा. ‘आवाज आपोआप खाली येतो’ हे क्रियापद इथे पुरं होतं. स्वतःची कुजबूज ऐकू येते, म्हणून माणूस ओरडत नाही.

नवशिक्याच्या वाट्याला खरंच येणारं काम

संग्रहालय पहिल्या वर्षी कुणी देत नाही. नगरपरिषदेची स्मशानभूमी मात्र येते, आणि ऑफिसात ती ‘शेड आणि कंपाउंड’ म्हणून ज्युनिअरकडे ढकलली जाते. भावनेचा विचार सगळ्यात जास्त लागतो तो इथेच.

विसाव्यापासून सुरुवात करा. तिरडी वाटेत टेकवतात, खांदेकरी बदलतात. बहुतेक आराखड्यांत ही जागा नसतेच. ती फाटकाजवळ, चिखलात होते. फाटकाच्या आत झाडाखाली एक कट्टा द्या, तिन्ही-चारी बाजूंनी माणसं उभी राहतील एवढा मोकळा. तिरडी आणि दोन्ही बाजूंचे खांदे धरले की दीड मीटर होतात, शेजारून चालणारे वेगळे, वाट २.४ मीटरपेक्षा अरुंद नको. पायरी एकही नको, उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. खांद्यावर भार असलेल्या माणसाला पायाखालचं दिसत नाही.

चितेभोवती खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन फेऱ्या होतात. मडक्याच्या भोकातून धार जमिनीवर पडते आणि शेवटी मडकं फुटतं. अनवाणी पाय, ओली जमीन, खापऱ्या. तिथे गुळगुळीत कोटा फरशी किंवा टाइल लावणं म्हणजे ऐन प्रसंगी कुणाला तरी पाडणं. टाकीच्या घावांचा काळा दगड, १:१०० उतार, सगळीकडून दीड मीटर मोकळं.

बसायची जागा चितेपासून दहा-बारा मीटर लांब, पश्चिमेकडे किंवा नैर्ऋत्येला. उन्हाळ्या-पावसाळ्यात वारा तिकडून येतो, धूर पलीकडे जातो. पाठीला पश्चिमेची भरीव भिंत, म्हणजे ऊन आणि पाऊस दोन्ही अडतात. हिवाळ्यात वारा फिरतो. तिथे रोज काम करणाऱ्या माणसाला विचारा, हवामानखात्याच्या नकाशापेक्षा त्याला जास्त माहीत असतं. बैठक ४५० मि.मी. उंच, पाठ टेकता येईल अशी. सरळ लांब रांग केली की एसटी स्टँड होतो. काटकोनात वळवा, म्हणजे दोघं तिरके बसतात, बोललं तरी चालतं आणि नाही बोललं तरी चालतं. तोंड थेट ज्वाळांकडे नको. मान वळवली तर दिसेल, नाही वळवली तर समोर झाड.

हातपाय धुण्याचा नळ निघायच्या वाटेवर, फाटकाकडे तोंड करून. परतताना मागे वळून बघायचं नाही ही रीत त्या नळाच्या दिशेनेच पाळली जाते, पाटी लावावी लागत नाही.

कमानीवर शंकर हवा, देणगीदारांची नावं हवीत, हा आग्रह होईलच. भांडू नका. रस्त्यालगत त्यासाठी एक भिंत काढून द्या. विसाव्याची जागा कोरी राहिली की झालं.

ड्रॉइंगमध्ये नाव नसलेली जागा कापली जाते

बजेट आवळलं की पहिली कुऱ्हाड पडते ती एरिया स्टेटमेंटमधल्या (क्षेत्रफळाच्या तक्त्यातल्या) ‘सर्क्युलेशन’वर, म्हणजे ये-जा करायच्या जागेवर. तुमचा सखल बोळ, ओसरी, विसावा तिथेच दडलेले असतात. त्यांना खोलीसारखं नाव आणि नंबर द्या, दाराखिडकीच्या शेड्यूलमध्ये आणा, १:२० चा स्वतंत्र सेक्शन काढा. शेजारी एका ओळीत कारण लिहा: ‘उंची २.२५ च, वाढवू नये. पुढचं दालन उंच वाटण्यासाठी.’ सहा महिन्यांनी साइटवर तुम्ही नसता, ती ओळ असते.

क्लायंटला दाखवायला रेंडर ठीक आहे, स्वतःला तपासायला नको. रुंद लेन्सच्या व्ह्यूमध्ये तीन मीटरची खोलीही सभागृह दिसते. माउंटबोर्डचं १:२० मॉडेल करा, भिंतीला ७५ मि.मी. उंचीवर भोक पाडा (माणसाचे डोळे दीड मीटरवर), फोनचा कॅमेरा तिथे लावा आणि गच्चीवर खऱ्या उन्हात सकाळ-दुपार-संध्याकाळ बघा. आतून भिंतींना खरा रंग द्या. पांढऱ्या बोर्डात प्रत्येक खोली उजळच दिसते.

शेवटचा बारकावा दिव्याचा. सगळं जमून येतं, आणि वर्षभरात कुणीतरी उडालेला दिवा बदलून ६५०० केल्विनची पांढरीफटक ट्यूब लावतं. ओसरीचं मेडिकल स्टोअर होतं. त्यात त्याचा दोष नाही; दुकानात तीच मिळते, स्वस्तही असते. हस्तांतराच्या वेळी प्रत्येक दिव्याचं वॉटेज आणि ‘३००० केल्विन, वॉर्म व्हाइट’ असं मराठीत छापून डिस्ट्रिब्यूशन बोर्डाच्या दाराला आतून चिकटवा, आणि सुटे दहा दिवे त्याच खोलीत ठेवून या.