वाफसा पाहून वर्ष कसे आखावे: बेळगाव भागातील पावसाळा आणि कोरडे महिने

बेळगाव जिल्ह्यात शेतीचे वर्ष आखताना पंचांगाआधी जमिनीतील ओल, म्हणजे वाफसा (ना चिखल, ना कोरडी अशी पेरणीजोगी माती) पाहावा. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात, बराचसा पाऊस घाटमाथ्यावरच रिता करतात आणि पूर्वेकडे सरकताना कोरडे होत जातात. त्यामुळे मलप्रभेच्या उगमाजवळ, कणकुंबीला धो धो पाऊस कोसळत असताना अथणीचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो.

वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की नांगरट व बांधबंदिस्ती उरकावी. घरची कामेही याच दिवसांत संपवावीत: कौले परतून घ्यावीत, जळण व शेणी आडोशाला रचाव्यात, वाळवणे डब्यात भरावीत आणि गवताची गंजी उंचवट्यावर घालावी, कारण तळाला पाणी लागलेली वैरण बुरशी धरते आणि जनावरे तिला तोंड लावत नाहीत.

बेळगाव व खानापूर तालुक्यांत भाताची धूळवाफ पेरणी (रोप न लावता थेट रानात बी पेरणे) रोहिणी नक्षत्रात, म्हणजे २५ मेनंतर, कुरीने (पेरणीच्या अवजाराने) करतात. येथे एक पथ्य कसोशीने पाळावे. माती एक तर पूर्ण कोरडी असावी किंवा खोलवर भिजून वाफशावर आलेली असावी. वरची चार बोटे ओली आणि खाली धूळ, अशा रानात बी उगवते खरे, पण उघडीप पडताच कोंब करपतात. मी एकदा शेजाऱ्यांची कुरी चाललेली पाहून अशाच अर्धओलीत पेरले आणि दुबार पेरणी पदरात पाडून घेतली. त्यानंतर शेजारी पाहण्याऐवजी मूठ पाहतो: वीतभर खोलीची माती मुठीत दाबावी आणि तो गोळा कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो फुटून भुगा झाला तर वाफसा आहे, चपटा होऊन बसला तर थांबावे, आणि गोळाच बांधला गेला नाही तर माती अजून कोरडी आहे.

धूळवाफेत तण भाताबरोबरच उगवते. म्हणून कोळपणी आणि भांगलण लांबवू नये. शहराला लागून बळ्ळारी नाल्याच्या काठी असलेल्या सखल रानांत जुलैत पुराचे पाणी तुंबते आणि बुडालेले पीक कुजते. तेथील शेतकऱ्यांनी उंच वाफ्यात थोडे जादा रोप राखून ठेवावे, म्हणजे पाणी ओसरल्यावर नांगे (पिकातील रिकाम्या जागा) भरता येतात.

कोरड्या महिन्यांची खरी कसोटी भातकापणीनंतर लागते. कापणीपूर्वी आठ-दहा दिवस शेतातील पाणी काढून टाकावे आणि कापणी होताच, मळणीची वाट न पाहता, काळ्या रानात मसूर, हरभरा किंवा वाटाणा पेरावा. (माझ्या मते सुगीच्या गडबडीत सर्वांत जास्त नुकसान होते ते इथेच.) चार दिवस दवडले तर जमीन भेगाळते आणि ओल निसटते, वेळेवर पेरलेली मसूर मात्र उरलेली ओल आणि पहाटेचे दव यांवर येते. पुढे आभाळ दाटून राहिले तर मावा (रस शोषणारी कीड) पडतो, तेव्हा शेंडे रोज उलटून पाहावेत.

अथणी, रायबागकडील कोरडवाहू काळ्या रानात हा क्रम उलटा असतो. तेथे पावसाळाभर ओल मुरवावी, कुळवाच्या पाळ्या घालून तण मारावे आणि शाळूची (रब्बी ज्वारीची) पेरणी उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धापासूनच्या पावसावर, वाफसा येताच करावी.