जुन्या साड्यांचे वेणीचे पायपुसणे

गोधडीला मऊपणा लागतो आणि पायपुसण्याला दम लागतो, म्हणून गोधडीसाठी बाजूला काढलेली प्रत्येक साडी या कामाला चालेलच असे नाही. कापड दोन्ही हातांनी ओढून पाहावे. बेताचा ताण देताच विरत असेल, तर ते गोधडीकडेच राहू द्यावे. सुती आणि नायलॉनच्या पट्ट्या एकत्र गुंफू नयेत, कारण धुतल्यावर सुती पट्टी आटते, नायलॉनची आटत नाही आणि पायपुसणे वेडेवाकडे होते. गडद कापड ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का, तेही आधीच तपासावे.

६० × ९० सेंटिमीटरच्या लांबट पायपुसण्याला दोन सुती साड्या पुरतात. जरीचे काठ पायांना टोचतात, म्हणून ते जिवावर आले तरी काढून टाकावेत. साडी लांबीच्या दिशेने फाडावी. काठापासून ७ ते ८ सेंटिमीटरवर कात्रीने छोटा छेद देऊन ओढले, की पट्टी धाग्याला धरून सरळ फाटत जाते आणि साडेपाच मीटरपर्यंत जोड द्यावा लागत नाही. पुढचा जोड देताना पट्ट्यांची टोके तिरकी शिवावीत, कारण आडव्या जोडाचा गठ्ठा वेणीत उठून दिसतो. तिन्ही पट्ट्यांची लांबी कमी-जास्त ठेवली, तर तीन जोड एकाच जागी येत नाहीत.

तीन पट्ट्या एकत्र शिवून टोक खिडकीच्या गजाला बांधावे आणि कच्च्या कडा आत दुमडत तिपेडी वेणी घालावी. विणताना सुमारे एक तृतीयांश लांबी खर्ची पडते, हे धरूनच पट्ट्या काढाव्यात.

खरे कौशल्य वेणी घालण्यात नसून ती जोडण्यात आहे. लांबट आकारासाठी मधली सरळ वेणी लांबी आणि रुंदी यांच्या फरकाएवढी, म्हणजे येथे ३० सेंटिमीटर घ्यावी आणि तेथून वळवून तिच्याभोवती फेरे घ्यावेत. दाभणात जाड सुती दोरा ओवून तो कापडातून न नेता शेजारशेजारच्या वेण्यांच्या पेडांमधून न्यावा, म्हणजे दोरा दिसत नाही. सरळ भागात आतल्या एका पेडाला बाहेरचा एक पेड जोडावा. वळणावर मात्र बाहेरच्या फेऱ्याला जास्त अंतर कापायचे असल्याने मधूनमधून आतल्या एका पेडाला बाहेरचे दोन पेड घ्यावेत. हे राहून गेले, की कडा वर उचलल्या जाऊन पायपुसण्याची परडी होते. उलट बाहेरचे पेड गरजेपेक्षा जास्त घेतले, तर कडेला झालरीसारख्या लाटा उठतात. दोन्ही दोष मागाहून इस्त्रीने जात नाहीत, तेवढे फेरे उसवावेच लागतात. म्हणून काम मांडीवर न घेता सपाट पाटावर किंवा टेबलावर ठेवूनच जोडावे आणि प्रत्येक फेऱ्यानंतर तळहाताने दाबून पाहावे. मांडीवर सगळेच सपाट वाटते.

शेवटच्या २० सेंटिमीटरमध्ये पट्ट्या कात्रीने निमुळत्या करून वेणी बारीक करत न्यावी आणि टोक आधीच्या फेऱ्याच्या पेडांत खुपसून पक्के शिवावे. गुळगुळीत फरशीवर ते सरकू नये म्हणून खाली रबरी जाळी अंथरावी. धुतल्यावर दोरीवर टाकू नये. ओल्या कापडाच्या वजनाने टाके ताणतात, त्यामुळे आडवे पसरूनच वाळवावे.